लाटणंकाका आणि स्वस्तातला टॅबलेट

लाटणंकाका गाडीचं इंजिन लाटण्यातून ऐकत. साधं पोळ्यांचं लाटणं, बारीक आणि दोन्ही टोकांना निमुळतं. एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, म्हातारबुवांना उभ्याउभ्या डुलकी लागली. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी ते म्हणत, "पाण्याचा पंप. चालेल अजून, पण लांब नेऊ नका." खरं नाव त्यांच्या पासपोर्टवर असेल, ऑकलंड शहरात हिल्सबरोपासून सँडरिंगहॅमपर्यंतच्या मराठी घरांत ते लाटणंकाकाच होते. काकूंची तक्रार वेगळी होती. "माझ्या घरात दोन लाटणी आहेत," त्या सांगत, "पोळीला ऑइलचा वास आला की समजायचं, अदलाबदल झाली."

काकांचं उभं आयुष्य चिंचवडच्या एका कारखान्यात, इंजिनं तपासायच्या खोलीत गेलं होतं. निवृत्त झाल्यावर दोघं मुलीकडे ऑकलंडला आली. मुलगी मनीषा हॉस्पिटलात नर्स. तिचं घर उतारावर होतं आणि गॅरेजचं दार वर सरकवलं की खाली मानुकाऊची खाडी दिसे. ओहोटीला पाणी इतकं लांब जाई की नुसता चिखलच चकाकत राही. मी नाशिकहून शिकायला आले ती इथल्या एका बालवाडीत शिक्षिका होऊन राहिले. माझी जुनी जपानी गाडी, जिच्या रेडिओवर इथली निम्मी स्टेशनं लागतच नसत, एकदा चढावर खोकायला लागली म्हणून कुणीतरी मला काकांकडे पाठवलं. तेव्हापासूनचं सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. माझ्या आठवणीतल्या त्या गॅरेजमध्ये नेहमी शनिवारची दुपार असते, उन्हाची तिरीप जमिनीवरच्या ऑइलच्या डागापर्यंत आलेली असते, आणि कुणाची तरी गाडी तोंड उघडून उभी असते.

गाडी बघण्याआधी काका माणसाची तोंडी परीक्षा घेत. "आवाज येतो" हे उत्तर त्यांना चालत नसे.

"काका, हीप्स आवाज, म्हणजे खूपच आवाज येतोय हो," एकदा एक आयटीवाला म्हणाला.

"किती ते राहू दे. कसला ते सांग. खडखड, खरखर की घरघर?"

"सगळं सेमच ना काका?"

"सेम कसं असेल? खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय. खरखर म्हणजे काहीतरी झिजलंय. घरघर लागली असेल तर वेळेवर आलास." आयटीवाल्याने गाडी सुरू करून दोनदा ऐकली आणि परीक्षेला बसल्यासारख्या चेहऱ्याने सांगितलं, "खरखर." काकांनी त्याला काकूंच्या हातचा चहा मिळवून दिला.

असाच एक शनिवार. माझी गाडी सुरू होती, बॉनेट वर होतं. काका वळसा घालून आले, ड्रायव्हरच्या जागी बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. चालू इंजिनाला पुन्हा स्टार्टर मारला की दात शिवशिवतील असा कर्कश आवाज होतो. समोर गवत कापणारा शेजारीसुद्धा मान वर करून बघायला लागला. काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी किल्ली आणखी एकदा फिरवली. मग त्यांना कानांवर हात ठेवलेली मी दिसले.

"चालू होती?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

स्टिअरिंगवर हात ठेवून ते खाडीकडे बघत बसले. घरच्यांना त्यांना थोडं कमी ऐकू येतं एवढंच ठाऊक होतं. मनीषाने कानाला लावायचं मशीनही आणून दिलं होतं. "त्यात माणसं कळतात गं," काका म्हणाले, "पण इंजिन म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटतं. लाटण्यातूनही आता काही नीट येत नाही. तू कुणाला बोलू नकोस. काकांचे कान गेले असं झालं की गाड्या यायच्या बंद होतील. मग मी इथे कोण? सोफ्यावर बसलेला मनीषाचा बाप." या देशात येऊन मीही कोण आहे हे शोधण्यात बरीच वर्षं घालवली होती, त्यामुळे त्यांना पुढचं काही मला समजावून सांगावं लागलं नाही.

टॅबलेटची कल्पना त्यांचीच. हल्लीच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिच्यात काड्यापेटीएवढा प्लग खोचला की तो गाडीचं दुखणं ब्लूटूथवरून पडद्यावर धाडतो. प्लग त्यांनी मागवलाच होता, पण फोनवरची अक्षरं त्यांना मुंगीएवढी दिसत. "कान गेले तर डोळ्यांनी ऐकू," ते म्हणाले. झालं, पुढचे कितीतरी शनिवार आम्ही टॅबलेट बघत हिंडलो. मुलीच्या पैशाने घ्यायचा म्हणून स्वस्तातलाच हवा होता, पण स्वस्त म्हणजे कसलाही नव्हे. त्यांच्या अटी ऐकून विकणारे गोंधळत. गाणी नकोत, कॅमेरा नको, सिमकार्ड नको. पण गॅरेजचं दार उघडं असताना ऊन पडद्यावर पडलं तरी अक्षरं दिसली पाहिजेत, आणि काँक्रीटवर पडला तर फुटता कामा नये.

एका मॉलमध्ये त्यांनी कमालच केली. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातल्या ग्रीसमध्ये बोट बुडवलं आणि मांडून ठेवलेल्या टॅबलेटवर ते सरळ फिरवलं. काउंटरमागची उंच माओरी बाई हसत हसत आली. "किया ओरा," तिने माओरीत नमस्कार केला, "या ग्रीसला मॅचिंग कलरचा हवाय का?" काकांना ते ऐकू गेलं नाही, त्यांनी गंभीरपणे तिला पडदा दाखवला आणि म्हणाले, "फिंगर डर्टी, स्टिल वर्किंग. गुड." मी माफी मागायला लागले तर तिने फडकं माझ्या हातात दिलं. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही, "माझे वडील पण असेच होते." तो टॅबलेट मात्र काकांनी घेतला नाही. उन्हात धरल्यावर त्याच्यात त्यांचा स्वतःचाच चेहरा दिसत होता.

शेवटी टॅबलेट मिळाला तो माझ्या बालवाडीमुळे. आमच्याकडे मुलांसाठी जाड रबरी वेष्टणातले, मागे मूठ असलेले टॅबलेट असत. मुलं त्यांच्यावर बसत, त्यांना चाटत, भिंतीवर आपटत, तरी ते चालत. तसाच एक जांभळा काकांना नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात तोलला, उन्हात धरला, ग्रीसचं बोट फिरवलं आणि मग मी काही म्हणायच्या आत काँक्रीटवर सोडून दिला. उचलला तेव्हा त्याचा पडदा तसाच लखलखत होता. "पोरांच्या हातून वाचतो, म्हणजे माझ्या हातून वाचेल," ते म्हणाले. तसाच एक त्यांनी विकत घेतला. इतके खूश झालेले काका मी पूर्वी पाहिले नव्हते.

काका मॉडर्न झाले अशी चर्चा पसरली. पण माझी सोडली तर जपानहून आलेल्या बहुतेक जुन्या गाड्या त्या प्लगशी बोलायलाच तयार नसत, आणि ज्या बोलत त्याही नुसते आकडे सांगत. खडखड आणि खरखर टॅबलेटला कळत नाही. मग आमची एक रीत ठरून गेली. काका पडदा वाचत, मी बॉनेटपाशी उभी राहून ऐकत असे, आणि त्यांच्याकडे तोंड करून, सहज बोलल्यासारखं, हळूच म्हणत असे, "किणकिण आहे, डावीकडून." ते माझ्या ओठांवरून शब्द उचलत आणि गाडीच्या मालकाला निदान सांगत. लोकांना वाटे, मी शिकतेय. शिकतही होतेच. बालवाडीतला फ्रिज गुणगुणतो की कण्हतो, बसचं दार फुसफुसतं की उसासतं, हे मला आपोआप ऐकू यायला लागलं. सगळं ऑकलंड मला मराठीत ऐकू येत होतं, आणि मी फार सुखात होते.

मग मनीषाला क्राइस्टचर्चला नोकरी लागली. तिथल्या रिकार्टन भागाजवळचं छोटं युनिट, गाडी रस्त्यावर उभी करायची, गॅरेज नाही. काकांनी हत्यारं वाटून टाकली. त्यांच्या शेवटच्या शनिवारी मी गाडी घेऊन गेले.

"काय होतंय तिला?"

"काहीच नाही. सहज आणली."

त्यांनी तरीही प्लग खोचला, मला गाडी सुरू करायला लावली, टॅबलेट बघितला. दोष नाही, असं त्यावर आलं. त्यांनी टॅबलेट बाजूला ठेवला. "आता तू सांग. कसा येतोय आवाज?"

"छान चाललीये, काका."

"ते हाही सांगतोय. छान चाललेली गाडी वाजते कशी, ते सांग." त्यांनी गाडीकडे हात केला. "बिघडलेल्यांचे आवाज मला पाठ आहेत, ते डोक्यात आपले आपण वाजतात. पण चांगलीचा आवाज आठवायला गेलो की हल्ली काहीच येत नाही."

मी बॉनेटपाशी जाऊन उभी राहिले. प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे शब्द होता, आणि याला एकही नव्हता. खूप वेळ ऐकलं. मग त्यांच्याकडे तोंड करून, त्यांना नीट दिसेल असं, सावकाश म्हणाले, "दुपारी जेवणं होऊन घरातले सगळे झोपलेत. आपण एकटेच जागे आहोत. शेजारच्या खोलीतून आईचा श्वास ऐकू येतोय. तसा येतोय, काका."

काकांनी दोन्ही तळवे गाडीच्या थरथरत्या मडगार्डवर ठेवले आणि मान खाली घातली. खाडीत भरतीचं पाणी चढत होतं. मग मी इंजिन बंद करायला गाडीत बसले. मी बसताच गाडी किंचित दबलेली त्यांच्या तळव्यांना कळली असावी, कारण काकांनी एक तळवा उचलून मला थांबवलं.

"बंद नको करूस," ते म्हणाले, "अजून थोडा वेळ चालू दे."