नटावरचे तीन ठिपके

लोखंडी सामानाच्या बाजारामागे एक म्हातारा राहायचा. बाजारात त्याला सगळे दंतवैद्य म्हणत. माणसांचे दात त्याने जन्मात कधी तपासले नव्हते, स्वतःचेच अर्धे पडले होते. पण गोल पात्याच्या, विजेवर चालणाऱ्या जुन्या करवती ओळखाव्यात आणि दुरुस्त कराव्यात त्यानेच, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नावाची पट्टी उडालेली, रंगावर रंग फासलेली कसलीही करवत आणून द्या, बुवा चष्मा कपाळावर ढकलणार, स्क्रूची खाच बघणार, मुठीचा कोपरा खरवडून तळाचा रंग काढणार आणि मग गिअरचं झाकण उघडणार. झाकण उघडल्याशिवाय करवतीचं नाव सांगायचं नाही, हा त्याचा नेम. "वरून सगळ्याच गोऱ्यागोमट्या असतात," म्हणायचा.

घरात मात्र बोलायला चिटपाखरू नाही. बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. पुढची खोली दुकान, मागची खोली घर, आणि दोन्हींकडे करवतीच करवती. जेवताना ताटाशेजारी मोटरच्या पोटातलं एखादं उघडं आर्मेचर असायचंच. चुकून कुणी गिऱ्हाईक आलं की हा त्याला सोडायचाच नाही, त्या आर्मेचरची सगळी कुळकथा ऐकवायचा. लोकही मग वैतागून येईनासे झाले. अहो, एकटं माणूस असंच करतं. कुणी हाती लागलं की इतकं घट्ट धरतं, की त्याने पळूनच जावं.

एक धाकटा भाऊ होता, तो सुतार, त्याच गावात नदीपलीकडे. पण बोलणं बंद. वडिलांच्या सुतारकामाच्या कारखान्याची वाटणी झाली तेव्हा वडील स्वतः वापरत ती करवत धाकट्याकडे गेली आणि थोरल्याचा जळफळाट झाला. चारचौघांत बोलून गेला, "हा काय ती सांभाळणार? भंगारात घालेल!" धाकट्याने ऐकून घेतलं, करवत उचलली आणि निघून गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. धाकट्याचा फोन नंबर थोरल्याने मागाहून मिळवला होता. लावला मात्र कधी नाही. लावून बोलणार काय?

अशात एकदा नेहमीचा भंगारवाला पोतं घेऊन आला.

"काका, ही बघा. पार मेलीय. तुम्हीच घाला जीव."

दंतवैद्याने पातं काढायला नटाला पाना लावला आणि हात तिथेच थांबला. नटावर पंचने ठोकलेले तीन ठिपके होते आणि समोर शाफ्टवर एक. वडिलांची सवय होती ती. पातं काढून पुन्हा बसवताना तिन्हींतल्या मधल्या ठिपक्यापुढे शाफ्टवरचा ठिपका आणायचा, म्हणजे पातं थरथरत नाही, असं ते सांगत.

"कुठून आणलीस?"

"नदीपलीकडून. कुणा सुताराने दुकान आवरलं म्हणे."

झालं! म्हाताऱ्याच्या मनात पहिल्यांदा आलं, बघा, मी म्हटलंच होतं. लगेच दुसरं आलं, धाकटा बरा तर आहे ना? आणि ते काही केल्या जाईना.

त्याने गिअरचं झाकण उघडलं. आत तिरक्या दातांचा गिअर. वडिलांच्या करवतीचा सरळ दातांचा होता. दुसऱ्या कुणाची करवत असती तर त्याने तिथेच नकारार्थी मान हलवली असती. इथे म्हणाला, "बदलला असेल गाढवाने." मुठीचा तळचा रंग हिरवा निघाला, वडिलांच्या करवतीचा राखाडी होता. "मूठही बदलली असेल." ही करवत आपलीच निघायला हवी होती. ती आपली असली तरच फोन करायला निमित्त मिळणार होतं. एवढी साधी गोष्ट, पण त्याला कोण सांगणार?

मग कितीतरी दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. गंज रॉकेलमध्ये भिजवून काढला, बेअरिंग बदलली, मोटरला नवे कार्बन बसवले, पात्याचा एकेक दात कानशीने घासला. घासता घासता फोनवरची वाक्यं घोकायचा. "मी काही मनात ठेवलेलं नाही." छे, टाकून बोललो तर मीच होतो! की पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या खोलीतली खुर्ची सुट्या भागांखाली गाडली गेली होती, तीही त्याने रिकामी करून पुसून ठेवली.

शेवटी एका सकाळी फोन लावला.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

हे तर घोकलंच नव्हतं. "दादा," तो कसाबसा म्हणाला.

धाकट्याने विचारलं, "बरा आहेस?"

इथेच थांबायचं की नाही! बरा आहे, तू कसा आहेस, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण पाठ केलेलं भाषण, ते कुठलं थांबतंय.

"बाबांची करवत आलीय माझ्याकडे, भंगारातून. नवीकोरी केलीय. मला राग नाही, वेळ येते माणसावर. ये, घेऊन जा."

"बाबांची? भंगारातून?"

"नटावर तीन ठिपके आहेत ना!"

"दादा, बाबांच्या हाताखालचा प्रत्येक कारागीर तीन ठिपके ठोकायचा. तूही ठोकतोस." धाकट्याचा आवाज एकदम कोरडा झाला. "थांब जरा."

पावलं वाजली, खटका वाजला आणि फोनमधून करवत सुरू झाली. सरळ दातांच्या गिअरचा तो चढत जाणारा सूर म्हाताऱ्याने तत्क्षणी ओळखला. बेअरिंगची कुरकुर नाही, पात्याची थरथर नाही. रोजच्या वापरातली, रोज पुसलेली, वेळच्या वेळी ग्रीस मिळालेली करवत होती ती. इतक्या निगुतीने ठेवलेली त्याच्या दोन्ही खोल्यांत एकही नव्हती.

म्हाताऱ्याला रडू कोसळलं. "माझं चुकलं रे," तो म्हणाला. मग ओरडून म्हणाला, "चुकलं माझं! तू ये. करवतीचं मरू दे, तू ये!"

करवत थांबली.

"ऐकलीस?" धाकट्याने विचारलं. "मध्ये काही म्हणालास का?"

तेच पुन्हा म्हणायचं होतं, आता नुसतं हळू आवाजात. म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

"नाही," तो म्हणाला. "चांगली ठेवलीयस."

"बरं," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.