वाटीला बोट न लावता निघालेला पाहुणा

काक जोरियाच्या हातचं न खाता आमच्या बिंतुलू गावाहून गेलेला पाहुणा मला आठवत नाही. एक जवळजवळ गेला होता. त्याला मी अर्ध्या रस्त्यातून उलटा आणला आणि त्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली. जोरियाची गोष्ट सांगायची तर मला तिथूनच सांगता येते, कारण त्या दिवशी तिचं काय होणार हे त्या एका वाटीवर ठरलं.

मी मोरशिदी. गॅस कंपनीच्या अतिथीगृहाची गाडी चालवतो, अठरा वर्षं झाली. जोरिया माझ्याआधीपासून तिथल्या स्वयंपाकघरात. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून काक, म्हणजे ताई. तसं तिला साहेबलोकही काकच म्हणतात. तोंडावर नुसतं जोरिया म्हणायची छाती अजून कोणाची झालेली नाही.

ती नदीपलीकडच्या जेपाकची. जेपाकच्या बायका जवळा मिठात कुटतात, उन्हात वाळवतात आणि त्याच्या बेलाचान नावाच्या वड्या करतात. वास असा की पलीकडच्या काठाला वाऱ्यावरून कळावं, आज कोणाच्या अंगणात काय वाळतंय. जोरियाची आई तेच करायची. जोरिया एकोणीस वर्षांची असताना अतिथीगृहात भांडी घासायला लागली. महिन्याभरात मुख्य आचाऱ्याला म्हणाली, "उमाई तुम्ही करता की मासा आंघोळ घालून पुसता?" उमाई म्हणजे आमची ताज्या कच्च्या माशाची कोशिंबीर: लिंबू, कांदा, मिरची आणि वर भाजलेला साबुदाणा. आचारी चिडला आणि म्हणाला, "तूच कर मग." तिनं केली. दोन वर्षांनी आचारी दुसरीकडे गेला आणि स्वयंपाकघर तिचं झालं.

तेव्हाचे दिवस जपान्यांचे. वीस-वीस वर्षांचे करार असायचे. अतिथीगृहाच्या खिडकीतून खाली धक्का दिसतो. गॅस अतिशय थंड करून पाण्यासारखा पातळ करायचा, मोठ्या जहाजात भरायचा, आणि जहाज उत्तरेला जायचं. तीच जहाजं, तेच कप्तान, तेच तपासनीस. कुरोइवा नावाचे एक तपासनीस बावीस वर्षं दर पावसाळ्यानंतर यायचे, आठ दिवस राहायचे. पहिल्या वर्षी त्यांनी उमाईत स्वतःच्या बाटलीतला सोया सॉस घातला. जोरियानं बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि खुणेनं सांगितलं, आधी माझ्या हातचं, मग तुमचं. त्यानंतर बावीस वर्षं ती बाटली खिडकीतच राहिली. शेवटच्या खेपेला म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात कमरेतून वाकला आणि वाकलेलाच राहिला. आम्हा दोघांना रडू आलं. करार संपला होता. नवा झाला, पण पूर्वीच्या चौथाईचा. त्यांना आता गॅस विकणारे दहा देश मिळाले होते.

मग सगळं बदललं. आता गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचेच लोक: व्हिएतनामचे, फिलिपिन्सचे, थायलंडचे. सकाळी विमानानं यायचं, दुपारी जायचं. एक जहाज द्या, पुढच्या महिन्यात बघू. कंपनीला हे सगळं नवं. तिनं क्वालालंपूरहून फैरूझ नावाचा साहेब पाठवला. वय तेहेतीस, बूट चकाचक, आणि जेवताना डोळे फोनमध्ये.

त्यानं पहिल्याच महिन्यात हिशोब मांडला: पाहुणे राहतच नाहीत, तर स्वयंपाकघर कशाला? महिनाअखेर ते बंद, पाहुण्यांना हॉटेलातून डबे. तसं पत्र त्यानं जोरियासमोर टेबलावर सरकवलं. मी त्याची बॅग धरून उभा होतो.

"घ्या, काक. पोचल्याची सही करा."

जोरिया मासा कापता कापता आलेली. तिनं हात पुसलेही नाहीत. उजव्या हाताचं एक बोट पत्राच्या कोपऱ्याला लावलं, लिंबाचा आणि माशाचा ठसा उमटला, आणि ती वळली.

"हे काय?" साहेब म्हणाला.

"बोट लावलं की. आता मला काही होणार नाही."

"अहो, घ्यायचंय ते!"

"ते नको मला," ती आतून ओरडली.

साहेब माझ्याकडे बघायला लागला. आता शहरात वाढलेल्या माणसाला काय सांगायचं? आमच्याकडे कोणी खायला पुढे केलं आणि नको असेल, तर निदान बोट लावून जिभेला टेकवायचं. तसंच निघून गेलात तर केम्पुनान लागतं. मग नदीत मगर आहे, रस्त्यावर साप आहे, काहीही होऊ शकतं. माझ्या चुलत्यांना कॉफी पुढे केली होती, ते घाईत निघाले आणि संध्याकाळी होडीसकट बुडाले. हसू नका. पोहायला त्यांना उत्तम यायचं.

"म्हणजे माझं पत्र तिनं खाण्याच्या रांगेत बसवलं?" साहेब म्हणाला.

"नको असलेल्या खाण्याच्या, साहेब," मी म्हणालो. तो माझ्यावर उगाच चिडला.

महिना संपायला पाच दिवस होते तेव्हा एकाच दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. सकाळी फिलिपिन्सचे दिमायुगा, जाडजूड, सारखा घाम पुसणारे. दुपारी व्हिएतनामच्या तुयेतबाई, बारीक आणि अबोल. फैरूझसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, की दोघांची गाठ पडता कामा नये. दोघांनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं की या आठवड्यात तुम्हीच एकटे आमचे पाहुणे.

दिमायुगांची बैठक अकराला फिसकटली. त्यांना हवं होतं अर्धं जहाज. त्यांची टाकी लहान, अख्ख्या जहाजाचा गॅस ठेवणार कुठे? कंपनीचा नियम मात्र एक जहाज, एक बंदर. तीस वर्षांचा नियम, जपान्यांच्या काळातला. "घ्यायचं तर पूर्ण, नाही तर नाही," असं फैरूझसाहेबांनी सांगितलं आणि दिमायुगा पाय आपटत गाडीत येऊन बसले.

जोरिया वाटी घेऊन धावत आली. "साहेब, दोन घास तरी!"

"नको बाई, विमान आहे."

"बरं, नुसतं बोट लावा."

"नको म्हटलं ना!" आणि त्यांनी काच वर केली. जोरिया वाटी धरून तशीच उभी राहिली. आरशात ती मला बराच वेळ दिसत होती.

माझं मन लागेना. सात-आठ किलोमीटर गेलो असेन, एक हातभर लांब घोरपड रस्ता ओलांडून गेली. आमच्याकडे हा अपशकुन. पुढच्या वळणावर तेलताडाची फळं नेणाऱ्या ट्रकचं चाक आमच्या पुढ्यात फुटलं, आणि ताडाचा एक घड उडून आमच्या गाडीच्या नाकावर आदळला. मग मात्र मी गाडी कडेला घेतली आणि सरळ वळवली.

"कुठे चाललास?" दिमायुगा ओरडले.

"परत, साहेब."

"माझं विमान!"

"विमान संध्याकाळीही आहे. तुम्ही वाटीला बोट लावलं नाहीत. घोरपड झाली, ट्रक झाला. तिसऱ्याची वाट बघायची का?"

"वेडा आहेस का तू?"

"माझी चार मुलं आहेत, साहेब. तुम्ही एकटे असता तर सोडलंही असतं, पण गाडीत मीही आहे."

ते बडबडत होते, फोन लावत होते. त्या टप्प्यात फोन लागत नाही हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, भीती बारा आणे होती. उरलेल्या चार आण्यांत, जोरियाला असं दारात उभं ठेवून जातो काय, हा राग होता.

अतिथीगृहात पोचलो तर जेवणाच्या टेबलाशी तुयेतबाई आणि फैरूझसाहेब. म्हणजे बाईंचं विमान वेळेआधी आलं होतं. दिमायुगांना दारात बघून साहेबांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला.

"हे कोण?" तुयेतबाईंनी विचारलं.

"हे... हे वाट चुकले," साहेब म्हणाले.

दिमायुगांनी घाम पुसला. "विमानतळाला जाताना वाट चुकलो आणि तुमच्या जेवणघरात आलो?"

"तुम्ही तर म्हणाला होतात की मी एकटीच पाहुणी," बाई शांतपणे म्हणाल्या.

"मलाही तेच सांगितलं होतं!" दिमायुगा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं बिऱ्हाड रस्त्यावर दिसायला लागलं. तेवढ्यात जोरिया आतून आली. दिमायुगांना बघितलं, मला बघितलं, आणि काय झालं ते तिला न सांगता समजलं.

"आलात? बसा. पण उमाई एकाच वाटीची उरली आहे, ती बाईंसाठी काढली होती. तुमची मी रागानं मांजराला घातली."

तिनं टेबलावर दुसरी वाटी ठेवली, चमच्यानं उमाई बरोबर अर्धी अर्धी केली, दोघांपुढे सरकवली. दिमायुगांनी आधी नुसतं बोट लावलं, माझ्याकडे बघत, मला खिजवायला. बोट जिभेला टेकलं आणि ते थांबले. मग चमचा उचलला.

"अहो, हे आमचं किनिलाव आहे! माझी आई करते!"

"आमच्याकडेही असंच कच्च्या माशाचं करतात," तुयेतबाई म्हणाल्या. "आम्ही वर शेंगदाणे घालतो."

"शेंगदाणे? माशात?"

"खाऊन बघा, मग बोला."

बाई पहिल्यांदा हसल्या. वादावादी सुरू झाली, नारळाचं दूध घालावं की नाही. जोरिया मध्ये पडून दोघांनाही झिडकारत होती, "मासा ताजा नसला की लोक त्यात काहीही घालतात." फैरूझसाहेबांचा फोन टेबलावर वाजत होता आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता.

वाटी रिकामी झाली तेव्हा तुयेतबाईंनी विचारलं, "तुमचं कशावरून फिसकटलं?"

"अर्धं जहाज मागितलं म्हणून."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "मीही अर्धंच मागायला आले आहे."

आम्ही सगळेच त्या दोन वाट्यांकडे बघत होतो. शेवटी जोरियाला राहवलं नाही.

"माझ्या आईकडून कुचिंग शहरातला एक व्यापारी अख्ख्या मोसमाचं बेलाचान उचलायचा. एक वर्ष आलाच नाही. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिनं ढेप कापली, काडेपेटीएवढ्या वड्या केल्या आणि होडीच्या धक्क्यावर जाऊन बसली. कापलं म्हणून बेलाचानचा वास काही कमी होत नाही, साहेब."

"काक, गॅस म्हणजे बेलाचान नाही," फैरूझसाहेब म्हणाले. "नियम आहे."

"माझ्या बंदरात अर्धं उतरवायचं, मग जहाज यांच्याकडे," दिमायुगा म्हणाले. "एकच समुद्र आहे की मध्ये."

"दर दोन महिन्यांनी," बाई म्हणाल्या. "निदान वर्षभर."

साहेब उठले आणि फोन घेऊन बागेत गेले. क्वालालंपूरला तासभर बोलत होते. खिडकीतून दिसत होतं, एका हातानं फोन धरलाय, दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी अर्धं अर्धं करून दाखवतायत. जोरियानं तेवढ्यात पाहुण्यांना साबुदाण्याची खीर वाढली आणि मला स्वयंपाकघरात ओढलं.

"शिदी, तू गाडी वळवलीस?"

"घोरपड गेली ना."

"घोरपडी रोजच जातात रे," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात माशाचं डोकं वाढलं. ते ती कोणालाही देत नाही.

त्या दिवशी पाहुणे रात्रीच्या विमानानं गेले. करार चौथ्या दिवशी झाला, एक जहाज आणि दोन बंदरं. मला लेखी ताकीद मिळाली, गाडी परवानगीशिवाय वळवल्याबद्दल. ती मी जपून ठेवली आहे.

तीस तारखेला फैरूझसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात नवा कागद. बाहेर मी त्यांना विमानतळावर न्यायला थांबलो होतो.

"काक, स्वयंपाकघर चालू राहील. तीन महिन्यांचा करार. मग परत बघू. आता आमचे सगळेच करार असे लहान असतात, तुम्हाला माहीतच आहे."

जोरियानं मिरच्या कापायचं थांबवलं. कागदाकडे बघितलं. एक बोट पुढे केलं, कोपऱ्याला टेकवलं, आणि पुन्हा मिरच्या कापायला लागली.

साहेब आता शिकले होते. त्यांनी उसासा टाकला. "म्हणजे नको."

"पाहुण्यांना तुम्ही वर्षाचं दिलंत," ती मान वर न करता म्हणाली. "त्यांनी तर एकदाच जेवण केलं. मी एकतीस वर्षं करतेय."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला, तीन महिने खोडून एक वर्ष लिहिलं आणि खाली सही केली. जोरियानं सुरी ठेवली. नळाखाली दोन्ही हात स्वच्छ धुतले, फडक्याला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. तिनं तो घडी करून खिडकीत, त्या सोया सॉसच्या बाटलीखाली ठेवला.

"चला, शिदी, उशीर होतोय," साहेब म्हणाले आणि वळले.

टेबलावर उमाईची वाटी काढून ठेवलेली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि खुर्ची ओढून बसलो.