हळदीत रंगवलेला फेटा

कोणत्या कामाला काय घालावं, हे मला कधी शिकवावं लागलं नाही. हिंगोलीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची तेव्हा पदर कमरेला दोनदा खोचायची, कारण यंत्राच्या पट्ट्यात पदर सापडला की बाईही सापडते. वसमतकडे हळद शिजवायला गेले की जाडंभरडं लुगडं आणि कोपरापर्यंत बाह्या. बायका हसायच्या. खुशाल हसोत, माझ्या अंगावर भाजल्याचा एक डाग नाही.

त्यामुळे आमचे मालक रेल्वेच्या लाईनीवर कामाला लागले, तेव्हा त्यांचे कपडेही मीच ठरवले. एका तापापासून त्यांना कमी ऐकू येत होतं. हे फक्त आम्हा दोघांना माहीत. मुकादमाला कळलं असतं तर त्याच दिवशी काम गेलं असतं. बाकीचे गडी रुळावरून बाजूला झाले की हेही होत, आणि तसंच चाललं होतं. पण कधी एकटे असले तर? ड्रायव्हरला हे लांबून दिसले पाहिजेत, असा माझा हिशोब. पांढरं दोन दिवसांत मातीच्या रंगाचं होतं. लाल आणि हिरवा हे झेंड्यांचे रंग, ते लाईनीवर घालायचे नाहीत अशी मुकादमाची सक्त ताकीद. राहिला पिवळा.

हळद घरचीच. फेटा असा रंगवला की मालक दूरच्या वळणावरूनही झेंडूसारखे उठून दिसायचे. उन्हात रंग उडायचा, मी पुन्हा चढवायची. धुवायचा तो साध्या पाण्यात. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

वर्षभरानं हळदीच्या हंगामात मी आठ दिवस वसमतला गेले. ज्यांनी जन्मात फडकं पिळलं नाही, त्या मालकांना नेमका तेव्हा फेटा धुवायचा हुरूप आला. धोतरासारखा त्यांनी तो राखेच्या पाण्यात उकळला. हळदीला राख लागल्यावर व्हायचं तेच झालं, फेटा कुंकवासारखा लाल. दुसरा नव्हता, म्हणून वाळवून तोच बांधून गेले.

त्या दिवशी बाकीचे गडी पुढे गेले होते आणि हे एकटे वाकून बोल्ट आवळत होते. ड्रायव्हरला रुळांत लाल दिसलं आणि त्यानं गाडी थांबवली. इंजिन यांच्या मागे वीस पावलांवर उभं राहिलं, तरी हे बोल्टच आवळत होते.

त्याच संध्याकाळी मी वसमतहून परतले तर मालक दारातच बसलेले. लाल फेटा बांधून गाडी अडवली म्हणून सकाळी साहेब घरी चौकशीला येणार होता.

"लिंबू पीळ त्याच्यावर," मालक म्हणाले. "पिवळा व्हईल. डायवरलाच भास झाला म्हनतो मी."

बरोबर होतं, लिंबानं तो लगेच पिवळा झाला असता. मी लिंबू चिरलंसुद्धा.

"शिटी वाजली व्हती का?" मी विचारलं.

"वाजली आसंल."

"तुमाला आली का ऐकू?"

त्यांनी चिरलेलं लिंबू माझ्याकडे सरकवलं.

मी ते तसंच बाजूला ठेवलं. पिवळा दिसला की ड्रायव्हर नुसती शिटी देतो, गाडी थांबवत नाही; माणूस बाजूला होईल असं धरून चालतो. हे बाजूला झालेच नसते. वर्षभर मी त्यांना हौसेनं सजवून मरणाच्या तोंडी धाडत होते, आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते.

सकाळी साहेब आला, सोबत मुकादम.

"लाल काहून बांधला?" मुकादमानं विचारलं.

मी तो लाल फेटा तसाच बाजेवर ठेवला. "धुताना झाला, साहेब. पन ह्यांना ऐकू येत न्हाई. साल झालं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. काम तिथल्या तिथे गेलं.

ती माणसं गेल्यावर मी ताट वाढलं आणि चिरून ठेवलेलं लिंबू वरणावर पिळलं. मालकांनी ताट सरकवून दिलं. भिंतीला टेकून, मान फिरवून ते दिवसभर माझ्यावर रागावून बसले. मी काम करता करता सारखी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.