साहेबांच्या शेजारची खुर्ची

मला कोणी विचारलंच नाही. राइस मिलच्या पटांगणात, जिथं एरवी उकडलेलं धान वाळत पडलेलं असे, तिथं मांडव घातला होता. गावातल्या वाचनालयानं कवितांची स्पर्धा घेतली होती आणि निवडलेल्या तीन कवींचा सत्कार होता. मी आईजवळ बायकांत बसले होते. तेवढ्यात मिलचे मालक धोतर सावरत बाबांकडे आले.

"डाक्टर साब, बड़े साहब आ गए! बिटिया को उनके पास बिठा दो. अंग्रेजी में समझा देगी."

हे गोरे साहेब जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, भंडाऱ्याहून फिरतीवर आले होते. जिल्ह्यात नवे होते, मराठी येत नव्हतं. मालकांनी त्यांना आयत्या वेळी बोलावलं होतं. बाबा रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर; आमचं घर दवाखान्याला लागूनच. मला नागपूरला मिशनच्या शाळेत शिकवलं याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी लगेच मान हलवली, आणि मी सगळ्या गावासमोरून चालत जाऊन साहेबांच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसले. उजव्या हाताला बाबा.

तिसऱ्या बक्षिसाची कविता तळ्यावर होती, दुसरी बैलांवर. काही शब्द मला समजले नाहीत, ते मी गाळले. साहेब "हं, हं" म्हणत टाळ्या वाजवत होते. मला लाज वाटत होती, पण अजून नुसती लाजच.

मग पहिल्या बक्षिसाचे कवी उभे राहिले. जंगलपट्ट्यातल्या एका गावच्या सरकारी शाळेचे मास्तर, काळे, किडकिडीत, कोटाचं वरचं बटण तुटलेलं. त्यांनी साहेबांकडे एकदा पाहिलं आणि म्हणायला सुरुवात केली. एक आई दारात उभी राहून बोलते आहे. गाय हंबरते आहे, गव्हाणीत गवत नाही.

"रान आमचं, गवत आमचं,
पूत माझा काऊन नेला?"

मांडवात कोणी हलेना. त्या पावसाळ्यात सरकारी जंगलातलं गवत मुद्दाम कापून लोकांनी कायदा मोडला होता आणि पुष्कळ जण तुरुंगात होते. अशा लोकांना आपल्या ओसरीवर पाणी दिलं म्हणून दुसऱ्या एका गावच्या मास्तरांची नोकरी गेली होती, पुढं त्यांनाही धरून नेलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

साहेब माझ्याकडे कलले. "काय म्हणतो हा?"

बाबांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येत होतं, आणि खोटं बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे. मी म्हटलं, "आई रानाला विचारते आहे, माझा मुलगा अजून का आला नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा पाय हलत होता तो थांबला.

"बिचारी," साहेब म्हणाले. मग एकदम ताठ बसले. "वाघानं नेला का? विचार त्याला. कुठलं जंगल? मी स्वतः बंदूक घेऊन येतो."

मी बाबांकडे पाहिलं. ते पुन्हा म्हणाले, "विचार ना."

मला उभं राहावं लागलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "साहेब विचारतात... मुलाला वाघानं नेलं का?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच कोणीतरी त्याला दाबलं. आणखी एक जण हसला असता तरी साहेबांनी कारण विचारलं असतं. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी काय केलं ते त्यांना समजलं, हे मला दिसलं. त्यांनी खरं सांगितलं तर मला ते बदलता येणार नव्हतं. आता साहेबांचं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं, आणि 'सरकार', 'जेल' हे शब्द त्यांनाही कळले असते.

"नाही," ते म्हणाले. "वाघानं नाही नेला." पुढं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "जिवंत आहे. येईल."

एवढं मी शब्दाला शब्द सांगितलं. साहेब खूश झाले. बाबांना म्हणाले, तुमची मुलगी छान सांगते. बाबा म्हणाले, "तिला मराठी फारसं येत नाही, सर. चूकभूल झाली असेल." बाबांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला आणखीच भीती वाटली.

संध्याकाळी कवींना हार घालून, ताशे वाजवत बाजारातून फिरवलं. दारोदारी त्यांना ओवाळत होते. आमच्या दाराशी आईनं मास्तरांना कुंकू लावलं. तबक माझ्या हातात होतं.

मास्तर हळूच म्हणाले, "काऊन केलं बाई असं? तो साहेब पुढ्यात बसून होता. आयकलं असतं त्यानं."

"तुमची नोकरी गेली असती."

"गेली असती," ते म्हणाले. "कवितेतला तो पूत माह्या वर्गातला पोरगा आहे. त्याची माय रोज शाळेत येऊन मलेच विचारून राहिली, गुरुजी, कवा सोडतीन? मी काय सांगू तिले? आज म्हटलं, ज्याले विचाराले पायजे त्यालेच विचारू."

आईनं त्यांच्या हातात नारळ दिला. मी त्यांना ओवाळलं. मिरवणूक पुढं गेली.

बाबा त्याबद्दल माझ्याशी कधीच एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवस, जंगलपट्ट्यातला कोणी दवाखान्यात आला की ते त्याची नाडी बघता बघता विचारत, "तुमच्याकडचे मास्तर शाळेत येतात ना?" मी आतल्या दाराशी उभी राहून उत्तर ऐकेपर्यंत श्वास धरून असे.

"येतात जी," तो माणूस म्हणे. मग बाबा औषधाची बाटली भरायला घेत.