जयवंताबाईने सांगितलेला ताप

पिंपळगाव रेणुकाईत कुणाच्या मेंढीने चारा सोडला की लोक आधी जयवंताबाईला हाक मारत, जनावरांच्या डॉक्टरला मागून. ती यायची, पदर खोचायची, मेंढीचा कान मुठीत धरायची आणि सांगायची, "ताप हाय," किंवा "न्हाई, नुस्तं पोट फुगलंय." तिचा शब्द कुणी खोडत नसे. जमीन बेताची, नवरा बिभीषण मूग गिळून बसणारा. पण तापाचा विषय निघाला की जयवंताबाईच. गावाने एवढं मानल्यावर बाईने सुखाने दोन घास खावेत की नाही? पण धाकटा दीर रामेश्वर सत्यशीलेला लग्न करून घेऊन आला आणि ते सुख संपलं.

सत्यशीलेत वाईट असं काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. तिची भाकरी टम्म फुगायची. सासूने शेवटचं पाणी तिच्याच हातून घेतलं. एका अंगणात दोन चुली, पण पाहुण्याचे पाय आपोआप तिच्या चुलीकडे वळायचे. जयवंताबाईच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं तिने दुभत्या शेळीसारखं जपलं होतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता गल्लीत डेंग्यू शिरला. जयवंताबाई अशी आडवी झाली की कूस बदलायलाही दुसरं माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे सत्यशीला. त्याच दिवसांत संभाजीनगरहून एक पथक येऊन गल्लीतल्या सगळ्यांचं रक्त घेऊन गेलं. साथ ओसरली, जयवंताबाई उठून बसली आणि गाव रक्ताची गोष्ट विसरलं. दिवाळीनंतर मात्र त्या पथकातल्या मनीषा मॅडम परत आल्या, त्या सत्यशीलेचं घर विचारत.

मॅडम विषाणूंवर संशोधन करत होत्या. बाजेवर बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. "सत्यशीलाताई, तुमच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू सापडला. म्हणजे डास तुम्हालाही चावला होता. तरी तुम्ही हिंडत-फिरत होता. तुमच्या शरीराने त्याला आतल्या आत आवरलं. कसं आवरलं, त्या वेळी तुमच्या पेशींमधली कोणती जनुकं जागी झाली, ते मला शोधायचंय. ते कळलं तर उद्या औषधाचा रस्ता सापडेल."

"जनुकं म्हंजे काय वं मॅडम?" रामेश्वरने विचारलं.

"पेशीने काय करायचं ते सांगणारी आतली शिकवण. आईबापाकडून येते."

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की धावड्याचं रक्त लई कडक, कारण सत्यशीलेचं माहेर धावड्याचं. आता सुनेबरोबर तिच्या माहेराचाही मान वाढला. जयवंताबाईचा तिळपापड झाला. ताप आपल्याला आला, हाडं आपली ठणकली, केस आपले गळले आणि मॅडम मोटारीतून येतात त्या हिच्यासाठी? पुढच्या खेपेला तिने मुद्दाम आधी चहा टाकला. मॅडम म्हणाल्या, "आत्ताच सत्यशीलाताईंकडे घेतला हो." तो चहा जयवंताबाईने उकिरड्यावर ओतला.

त्याच खेपेला मॅडमनी निघता निघता विचारलं, "एक खात्री करायची राहिली. त्या दिवसांत यांना ताप नव्हताच ना? अगदी थोडाही? असेल तर त्या बाकीच्यांसारख्याच, मग अभ्यासातून नाव काढावं लागेल."

"म्या मेंढरं घेऊन डोंगराकडं गेल्तो," रामेश्वर म्हणाला. "आक्काला विचारा. ती हिच्याजवळच व्हती, अन् तापाचं तिच्याइतकं कुणाला कळत न्हाई."

सगळ्यांनी जयवंताबाईकडे पाहिलं. बिचारीला एवढा आयता घाव कधी सापडला नव्हता.

"व्हता की," ती म्हणाली. "अंग फणफणत व्हतं तिचं. कुणाला बोलली न्हाई, अंगावर काढला."

सत्यशीलेने थोरल्या जावेकडे जरा वेळ पाहिलं, मग पदर सारखा केला. "आक्का म्हणत्यात तर आसंल. त्यांचा हात चुकत न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी नळ्यांची पेटी मिटली आणि त्या गेल्या. त्या दिवशी जयवंताबाईला कोरडी भाकरीसुद्धा गोड लागली.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर शेजारची कांताबाई म्हणाली, "सत्यशीला म्हंजे देवमाणूस गं. सोताला ताप असून जावंला सांभाळलं. पाठची बहीण करत न्हाई एवढं." करायला गेली गणपती आणि झाला मारुती! रेणुकाईच्या देवळात बायका सत्यशीलेला बोलावून कुंकू लावू लागल्या. चक्कीवर तेच, किराणा दुकानात तेच. आणि सगळ्यांत कहर म्हणजे बिभीषण बोलला. जेवता जेवता, भाकरीकडे बघत म्हणाला, "तुझ्यापायी तिनं जीव धोक्यात घातला. जराशी नीट वागत जा."

जयवंताबाईने ताट बाजूला सारलं. ताप नव्हता म्हणावं तर हिचं रक्त भारी, ताप होता म्हणावं तर हिचं मन भारी. कुठूनही फासा टाकला तरी दान तिचंच. दोन दिवस धुमसून तिने हिशेब केला: रक्ताचं काय, ते आईबापाचं, त्यात हिची काय कमाई? पण आपल्याच तोंडाने हिला देवमाणूस केलं, ते काही सोसायचं नाही. मॅडम भोकरदनच्या दवाखान्यात आल्यात असं कळताच ती बस धरून निघाली.

"तिला ताप नव्हता," तिने उभ्या उभ्याच सांगितलं. "म्या खोटं बोलले."

मॅडम चिडल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "आक्का, एकदा हो, एकदा नाही. आता कोणतं खरं धरू? कशावरून म्हणता?"

तापाच्या बाबतीत जयवंताबाईला आजवर कुणी पुरावा मागितला नव्हता. तिच्या मस्तकात तिडीक गेली. "कशावरून म्हंजे? हात गार व्हता तिचा."

"तुम्ही कधी पाहिला?"

"पाह्याचा कशाला? माझ्या कपाळावरच व्हता. डोळे उघडले की हात. म्या भ्रमात शिव्या दिल्या, ढकलून दिला, पुन्हा आणून ठिवला. माझं कपाळ जळून राह्यलं, अन् तिचा हात रांजणातल्या पाण्यावाणी गार. एवढे दिस डोक्यावर व्हता, ताप असता तर मला कळला नसता का?"

बोलता बोलता ती थांबली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आता तोंडातून गेलं ते गेलं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला तुमचंही रक्त पुन्हा हवंय. एकाच घरातल्या, एक आजारी पडलेली आणि एक न पडलेली; दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक कसा कळणार? पहिल्या दिवशीच मागणार होते. पण सत्यशीलाताई म्हणाल्या, आक्कांच्या अंगात अजून ताकद नाही, जरा भरू द्या, मग घ्या."

जयवंताबाईने बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. "घ्या. अन् तिचं घेतलं तेवढंच घ्या. एक थेंब कमी न्हाई."

ती परतली तेव्हा अंगणात कांताबाई बसली होती. जयवंताबाईने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "कांते, हिला ताप-बीप काही नव्हता. म्या लबाड बोलले. हात गार व्हता हिचा, बिलकुल गार. सांग जा गावाला."

सत्यशीला आत गेली आणि कपभर चहा घेऊन आली. चहा नेहमीसारखाच चांगला झाला होता. जयवंताबाईला तेही सहन झालं नाही, पण तिने कप संपवला आणि पुन्हा पुढे केला.