मापकाकू आणि लांब गोळी

बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकू माप घेतल्याशिवाय कुठलंच हत्यार परत देत नसत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मापकाकू म्हणायची. एका सकाळी बँकेचा पहारेकरी रिव्हॉल्वर घेऊन आला. दुपारी त्याची नेमबाजीची परीक्षा होती. चुकला तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

काकूंनी नळीवर कोरलेला गोळीच्या मापाचा आकडा वाचला. पहारेकऱ्याने आणलेल्या गोळ्या मात्र त्या मापापेक्षा लांब आणि जास्त जोराच्या होत्या. काकूंनी तसल्याच लांब गोळीची रिकामी पुंगळी रिव्हॉल्वरच्या गोळ्या भरायच्या चकरीत सोडली. ती गपकन बसली.

"बसली की, काकू. मग अडलं कुठं?"

"बसली हेच वाईट. लांब गोळी अडवायला आत बारीक पायरी असते. ती कुणीतरी खरवडलीय. उडवलीस तर चकरी फुटेल आणि तुझी बोटं गोळा करत बसावं लागेल मला."

काकूंनी हत्यार ठेवून घेतलं, तसे पहारेकऱ्याचे साहेब तणतणत आले. काकूंनी त्यांच्यापुढे नवी चकरी ठेवली. तिच्यात तीच पुंगळी मुगाच्या दाण्याएवढी वर राहिली. साहेबांचा आवाजच खाली आला.

"बँकेची बाकीची अकरा रिव्हॉल्वरं पण मोजा," ते म्हणाले.

अकरांत आणखी तीन तशीच निघाली.

संध्याकाळी पहारेकरी भोकं पडलेला कागद नाचवत आला. दुसऱ्या रिव्हॉल्वरने, त्या रिव्हॉल्वरच्याच मापाच्या गोळ्यांनी त्याचे सगळे नेम मधल्या वर्तुळात लागले होते.

"कागद राहू दे. हात दाखव," काकू म्हणाल्या.

त्याने पंजे पसरले. काकूंनी एकेक बोट मोजलं.

"दहा. आता हो पास."