सेकंदात मोजलेले मुहूर्त

अमरावतीत आमचं दोन माणसांचं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. मी बोलतो, वैशाली काम करते. दर्यापूरच्या नानांच्या मंगल कार्यालयासाठी आम्ही बुकिंगचा प्रोग्राम केला, आणि तेव्हापासून किस्से इतके साचलेत की चहा संपतो, ते संपत नाहीत.

एवढं आधी सांगतो. कॉम्प्युटर तारीख आपल्यासारखी लिहीत नाही. एक जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, तो आकडा ठेवतो. त्याची माणसांना कळेल अशी तारीख करून देणं आमचं काम. आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं.

*

पहिल्याच आठवड्यात ती तारीख करायची राहून गेली. यादीत प्रत्येक लग्नापुढे नुसते दहा आकडे. नानांचा फोन आला.

"काहून बे, एकाबी नवरदेवाचा फोन लागून नाई राह्यला."

सकाळपासून ते तारखांना फोन लावत होते.

*

ते सुधारलं, तर वैशालीनं सेकंदांना मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, धरलं. अख्ख्या सीझनची लग्नं एकाच दिवशी गोळा झाली: २१ जानेवारी १९७०.

नाना शांतपणे म्हणाले, "जागा करू आपन. पन या लोकायच्या नातवायचे लग्न बी आता होऊन गेले असतीन."

*

उपाय सोपा होता, हजारानं गुणायचं. वैशालीनं गुणलं. ती विसरली असेल म्हणून मीही गुणलं! तिवशाच्या एका वधुपित्याला मेसेज गेला, आपलं बुकिंग अठ्ठावन्न हजार साली पक्कं. ते बस धरून दर्यापूरला आले.

"पोरीले शिकवाचं हाये, कबूल. पन इतकं?"

*

मालक म्हणून भरलेली नानांची जन्मतारीख १९७० च्या आधीची, गुरुजींनी शाळेत अंदाजानं लावलेला एक जून. आमच्या प्रोग्रामला उणे सेकंद चालत नव्हते. 'अशी तारीख अस्तित्वात नाही' असं लाल अक्षरात यायचं.

"मी नाई," नाना म्हणाले, "तं हे कार्यालय काय तुह्या बापानं बांधलं?"

*

मग नानांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न आलं. त्यांनी आधीच बजावलं, "माह्या पोरीच्या लग्नात घोळ झाला, तं तुमचा कॉम्प्युटर रस्त्यावर, अन् माह्या हाती जुनी वही." नानांचं काम हातचं गेलं असतं तर तालुक्यात कोणी आम्हाला दारात उभं केलं नसतं.

मुहूर्त संध्याकाळी साडेसहाचा. लग्नाच्या दिवशी सकाळी वैशालीनं पाहुण्यांना गेलेला मेसेज उघडला. तारीख बरोबर होती. वेळ मात्र कॉम्प्युटरनं विलायतेच्या घड्याळानं टाकली होती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मुहूर्त दुपारी एक!

आम्ही मोटरसायकल काढून दर्यापूर गाठलं आणि कबुली दिली. नानांनी मेसेज वाचला. "आता दुसरा पाठवून घोळ वाढवू नोको," म्हणाले आणि आचाऱ्यांकडे वळले.

एक वाजता मांडवात आचारी आणि आम्ही दोघंच. अडीचला नानांचे सख्खे भाऊ आले. चारला हिवरखेडहून नवरदेवाची वरात आली आणि रस्त्यातच नाचायला लागली. पाचनंतर जीपगाड्या भरभरून पाव्हणे उतरू लागले. जो तो घाईघाईत विचारी, "लागलं काय लग्न?"

बरोबर साडेसहाला नवरानवरीच्या गळ्यात माळा पडल्या. भटजींनी दोनदा घड्याळ कानाला लावून पाहिलं.

पंगत बसल्यावर नानांनी आम्हाला बाजूला घेतलं. मी हात जोडले. "नाना, आज रात्रीच दुरुस्त करतो."

"हात नोको लावू त्याले," नाना म्हणाले. "सगळ्याच लग्नायले असंच पाठवत जाय."